वेगवान खुर्चीचे मोल

गेल्या हिवाळ्यात पुतण्याच्या आग्रहावरून आम्ही उभयता अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहरी, तीन महिने राहून आलो. प्रवासवर्णन लिहिण्याचा आमचा मानस नाही. ती वाचून वाचक आधीच कंटाळले असतील. परंतु त्या घरी एका रात्री जेवणे आटोपल्यावर जो वाद झाला, त्याचा निवाडा करण्याचे काम, घरातील वडील माणूस आणि त्यातून जन्मभर शाळेत खडू झिजविलेला मास्तर म्हणून, आमच्याकडे आले. वाद वरवर पाहता बर्फावरील खेळाचा होता. पण पैसा टाकून वेग विकत घ्यावा की नाही, आणि घ्यावा तर कोठे, हा जो प्रश्न त्याच्या मुळाशी होता, तो प्रत्येक संसारी माणसास आज ना उद्या पडतो. म्हणून या महिन्याच्या सदरासाठी तोच विषय घेतला आहे.

हकीकत अशी. डेन्व्हरच्या पश्चिमेस रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. पायांना स्की बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली यावयाचे, हा तेथील हिवाळ्यातील मुख्य खेळ. पुतण्या, सूनबाई, चौदा वर्षांचा नातू व आठ वर्षांची नात, अशी चौघे मंडळी शनिवार-रविवारी एका लहानशा डोंगरावर जातात. तेथे वर नेणारी चेअरलिफ्ट जुनी, दोघांनी बसावयाची व मंद आहे. तिच्या जागी नवी वेगवान लिफ्ट बसवावी काय, असे चालकांनी वर्षाचा पास घेणाऱ्या मंडळींस विचारले होते. पासाची किंमत वाढणार हेही ओघानेच आले. नातू म्हणाला, "आजोबा, रविवारी उतार मोकळा असतो आणि आम्ही मात्र रांगेत उभे! वेगवान लिफ्ट हवीच." पुतण्याचे म्हणणे असे पडले की, "काका, चौघांचा पास आताच जड जातो. आणखी वाढला तर एकास घरी ठेवावे लागेल." सूनबाईंनी दोघांचेही ऐकून घेतले व पाटी आमच्याकडे सरकविली. ही अलंकारिक भाषा नव्हे. नातीची खडूची पाटी खरोखरच टेबलावर होती.

निवाडा देण्यापूर्वी वस्तू समजून घेतली पाहिजे. आपल्याकडे १९९६ साली सुरू झालेला रायगडाचा रोपवे पुष्कळांनी पाहिला असेल. गुलमर्गच्या गोंडोल्यात बसून आलेलेही वाचक असतील. चेअरलिफ्ट ही त्याच कुळातली. खालच्या व वरच्या चाकांभोवती पोलादी दोराचे अखंड वेटोळे फिरत असते आणि त्याला ठरावीक अंतरावर खुर्च्या टांगलेल्या असतात. पहिली चेअरलिफ्ट १९३६ साली आयडाहो राज्यातील सन व्हॅली येथे उभी राहिली. युनियन पॅसिफिक रेल्वेने हे ठिकाण वसविले, आणि जेम्स करन या तिच्या अभियंत्यास ही कल्पना सुचली ती जहाजात केळीचे घड चढविण्याच्या यंत्रावरून! फिरत्या दोराच्या आकड्यास केळीचा घड लावता येतो, तर आकड्याच्या जागी खुर्ची लावून मनुष्य का चढविता येऊ नये, असा तो विचार होता. तत्पूर्वी खेळाडूस बहुतेक ठिकाणी दमछाक करीत डोंगर चढावा लागे. आता तो बसल्या जागी वर पोहोचू लागला.

या लिफ्टांचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात खुर्चीची पकड दोरावर कायमची आवळलेली असते. म्हणून दोराचा जो वेग तोच खुर्चीचा. ती बसणाऱ्याच्या पोटरीस त्याच वेगाने येऊन भिडणार, यास्तव दोर फार जोरात पळविता येत नाही. सेकंदाला सुमारे अडीच मीटर ही त्याची मर्यादा. दुसऱ्या प्रकारात पकड सुटणारी असते. खुर्ची स्थानकात शिरताच तिची पकड उघडते, खुर्ची दोरापासून वेगळी होऊन रुळावर येते, रबरी चाकांच्या ओळी तिला मंद करतात, आणि लहान मूलही न घाबरता बसू शकेल अशा संथ गतीने ती पुढे सरकते. माणसे बसली की तशाच चाकांनी तिचा वेग वाढवून तो दोराच्या वेगाशी जुळविला जातो व पकड पुन्हा आवळते. ती नीट बसली नाही तर तपासणारी कळ दोर थांबविते. त्यामुळे दोर सेकंदाला पाच मीटर, क्वचित त्याहून अधिक वेगानेही पळविता येतो. चौघांची अशी वेगवान लिफ्ट १९८१ साली कोलोरॅडोतीलच ब्रेकेनरिज येथे बसली, आणि तेथून पुढे मोठमोठ्या डोंगरांवर तिचा प्रसार झाला. पुढे सहा जणांच्या खुर्च्या आल्या; २०१८ साली मोंटाना राज्यातील बिग स्काय येथे आठ जणांचीही आली.

हा प्रकार डोळ्यांनी पाहावा म्हणून पुतण्या आम्हांस एके दिवशी ब्रेकेनरिजला घेऊन गेला. मंडळी वर गेली. आम्ही उभयता खालच्या स्थानकापाशी एका बाकावर बसलो. सौभाग्यवतींनी थर्मासमधील चहा काढला, आणि आम्ही मनगटावरील घड्याळाकडे पाहत खुर्च्या मोजू लागलो. जुनी खोड! एक खुर्ची सुटल्यापासून दुसरी सुटेपर्यंत किती सेकंद जातात, एवढेच आम्ही टिपीत होतो. परतल्यावर नातवाच्या लहान डोंगरावर जाऊनही तेच टिपले. दोन्हीकडील अंतर फारसे भिन्न नव्हते. वरचा दोर दुप्पट वेगाने पळत होता, पण खालच्या दारातून माणसे सुटत होती ती मात्र जवळपास त्याच ठेक्याने. वादाची सगळी किल्ली येथे आहे.

पाटीवर आम्ही जे गणित मांडले ते वाचकांनीही करून पाहावे. आकडे सोपे घेतले आहेत. दोराची लांबी १५०० मीटर धरा. चौघांची खुर्ची दर सहा सेकंदांस सुटते असे धरा. म्हणजे मिनिटाला दहा खुर्च्या, चाळीस माणसे, तासाला २४००. मंद लिफ्टला वर पोहोचण्यास दहा मिनिटे लागतात, वेगवान लिफ्टला पाच. खाली घसरत येण्यास पाच मिनिटे. आणि डोंगरावर रविवारची गर्दी, एक हजार माणसांची.

मंद लिफ्टवर दहा मिनिटांत चाळीस गुणिले दहा, म्हणजे ४०० माणसे खुर्च्यांवर लटकलेली असतात. उतारावर चाळीस गुणिले पाच, म्हणजे २००. उरलेली ४०० माणसे रांगेत. त्यांस दहा मिनिटे थांबावे लागते. एकूण फेरा दहा, दहा व पाच मिळून पंचवीस मिनिटांचा.

आता वेगवान लिफ्ट लावा. खुर्च्यांवर २०० माणसे, उतारावर २००, आणि रांगेत? सहाशे! थांबावे लागते पंधरा मिनिटे. एकूण फेरा पंधरा, पाच व पाच मिळून पुन्हा पंचवीसच मिनिटांचा.

नातू पाटीकडे पाहतच राहिला. म्हणाला, "म्हणजे एकही फेरी जास्त मिळत नाही?" नाही. गर्दीच्या दिवशी वेगवान लिफ्ट तुमचे थांबणे कमी करीत नाही. ते खुर्चीवरून काढून रांगेत आणून ठेवते. बसून वाट पाहावयाची ती उभे राहून पाहावयाची, एवढाच काय तो फरक.

न्यायशास्त्र शिकताना आमचे गुरुजी घटाचे उदाहरण देत. घटाची कारणे माती, चाक, दंड, कुंभार ही होत. ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढव घटाचे कारण नव्हे. ते जवळ उभे दिसते म्हणून अज्ञ मनुष्य त्यास कारण समजतो. अशा कारणाभासास शास्त्रकार अन्यथासिद्ध म्हणतात. रांग ओसरण्याच्या बाबतीत दोराचा वेग हे ते गाढव आहे. रांग ओसरते ती दर मिनिटास किती माणसे दारातून सुटतात यावर. आणि ते ठरते दोन खुर्च्यांमधील काळावर व खुर्चीच्या रुंदीवर.

एवढ्यावरून वेगवान लिफ्ट म्हणजे केवळ डामडौल, असा निकाल देऊन आम्ही मोकळे झालो असतो. खरे सांगावयाचे तर वृद्धांस मंदपणाचा पक्षपात असतोच. पण त्याच आठवड्यात एक प्रसंग घडला. शून्याखाली पंधरा अंशांची थंडी, त्यात वारा. आणि आमची नात लहान डोंगरावरील मंद खुर्चीवर सात मिनिटे उघड्या हवेत बसून वर गेली. मध्येच कोणी तरी बसताना पडले म्हणून दोर थांबला. ती खाली आली तेव्हा तिची बोटे पांढरी पडली होती व ती मुकाट्याने रडत होती. सौभाग्यवतींनी तिचे हात आपल्या शालीत घेतले आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुमच्या पाटीवर हे कोठे मांडले आहे?" प्रश्न यथार्थ होता. पाटीवर सर्व मिनिटे सारखी असतात. पोराच्या बोटांस ती सारखी नसतात.

म्हणून वेगवान लिफ्टच्या बाजूने जे न्याय्य आहे ते पूर्णपणे मांडले पाहिजे. पहिले, बोचऱ्या वाऱ्यात हवेतले दहा मिनिटे व पाच मिनिटे यांत फार अंतर आहे. दुसरे, खुर्ची मंद होऊन येत असल्याने मुले, वृद्ध व नवशिके सुखाने बसतात. पडझड कमी, म्हणून दोर थांबणेही कमी. कागदावर मंद लिफ्टही तासाला २४०० माणसे नेते, पण प्रत्यक्षात थांबण्यापायी तो आकडा बहुधा गाठला जात नाही. तिसरे, डोंगर जर खरोखर उंच असेल तर मंद दोरावर वीस-वीस मिनिटे बसावे लागते, किंवा मध्ये उतरून दुसरी लिफ्ट धरावी लागते. तेथे वेगवान लिफ्टवाचून गत्यंतर नाही. आणि चौथे, रिकाम्या दिवशी वेगाचा लाभ खराखुरा मिळतो. त्याच डोंगरावर मंगळवारी तीनशेच माणसे असतील तर रांग नाहीच. मंद लिफ्टवर पंधरा मिनिटांचा फेरा, तासात चार फेऱ्या. वेगवान लिफ्टवर दहा मिनिटांचा, तासात सहा. गंमत ही की, ज्या रविवारच्या गर्दीचे नाव सांगून ती मागितली जाते त्या दिवशी ती उपयोगी पडत नाही, आणि ज्या मंगळवारी तिची कोणास आठवण होत नाही त्या दिवशी तिचा पैसा वसूल होतो. परंतु शाळेतली मुले मंगळवारी जाऊ शकत नाहीत.

आता खर्च. सुटणाऱ्या पकडीची लिफ्ट साध्या लिफ्टच्या दुप्पट ते तिप्पट महाग पडते. अमेरिकेत सांप्रत हा खर्च कोटी डॉलरांच्या घरात जातो. खुर्च्या निम्म्या लागूनही किंमत चढते, कारण दोन्ही टोकांची स्थानके म्हणजे एकेक कारखानाच असतो. प्रत्येक पकड वेळोवेळी उतरवून तपासावी लागते, वीज अधिक लागते, कसबी कारागीर बाळगावे लागतात. साध्या लिफ्टा पन्नास पन्नास वर्षे चालल्याची उदाहरणे आहेत; वेगवान लिफ्टला पंचवीस-तीस वर्षांत मोठी दुरुस्ती तरी करावी लागते किंवा ती बदलावी तरी लागते.

पुन्हा पाटी घ्या. जास्तीचा खर्च पन्नास लाख डॉलर धरा, आणि तो वीस वर्षांत फेडावयाचा. व्याज तूर्त सोडून देऊ. ज्या मोठ्या डोंगरावर हंगामात पाच लाख खेळाडू येतात तेथे दरडोई, दर खेपेस, अर्धा डॉलर भार पडतो. कोणास कळणारही नाही. ज्या लहान डोंगरावर पन्नास हजारच येतात तेथे तो पाच डॉलर पडतो. चौघांच्या कुटुंबास दर खेपेस वीस. यंत्र तेच, डोंगर निराळा, आणि न्यायही निराळा.

ही गोष्ट क्षुल्लक नाही. १९८३-८४ च्या हंगामात अमेरिकेत अशा खेळाची सातशेंहून अधिक ठिकाणे होती. आज पाचशेही उरलेली नाहीत. त्यास बर्फाची अनिश्चिती, विम्याचे हप्ते, कृत्रिम बर्फाचा खर्च अशी अनेक कारणे आहेत. सगळा दोष लिफ्टवर ढकलणे म्हणजे पुन्हा गाढवास कारण म्हणणे होईल. परंतु मोठ्यांच्या बरोबरीने धावण्याची हौस लहानांस परवडत नाही, हे त्यात दिसतेच. दुसऱ्या टोकास, कोलोरॅडोतील व्हेल येथे गर्दीच्या दिवशी आयत्या वेळी एका दिवसाचे तिकीट काढावयाचे झाले तर तीनशे डॉलरांहून अधिक मोजावे लागल्याचे अलीकडच्या हंगामांत दिसून आले. हंगामाचा पास आधी घेणाऱ्यास ते स्वस्त पडते, हे खरे. पण एखादे वेळी सहज जाणाऱ्या कुटुंबास तो मार्ग बंदच झाला म्हणावयाचा.

याहूनही एक सूक्ष्म मुद्दा आहे. वेगाबरोबर खुर्चीही रुंद केली तर दर मिनिटाची माणसे खरोखर वाढतात आणि रांग ओसरते. पण ती माणसे जातात कोठे? उतारावर! सहा जणांच्या खुर्चीने मिनिटाला साठ माणसे वर सोडली तर आमच्या हिशेबात उतारावर दोनशेंच्या जागी तीनशे होतील. उतार तर तेवढाच राहतो. २०२२ साली युटा राज्यातील पार्क सिटी येथे सहा व आठ जणांच्या दोन नव्या लिफ्टा बसवावयाच्या होत्या. नागरिकांनी हरकत घेतली, आणि डोंगर किती माणसे सुखाने धारण करू शकतो व त्यांच्या गाड्या कोठे उभ्या राहावयाच्या, या प्रश्नांवर नगराच्या नियोजन मंडळाने परवानगी रोखली. त्या लिफ्टा पुढे कॅनडातील व्हिस्लर येथे नेण्यात आल्या. उलट व्हरमाँट राज्यातील मॅड रिव्हर ग्लेन येथे १९४८ सालची लिफ्ट आहे. तिच्या खुर्चीवर एकच मनुष्य बसतो. १९९५ पासून त्या ठिकाणाची मालकी खेळाडूंच्याच सहकारी संस्थेकडे आहे. २००७ साली ती लिफ्ट जीर्ण झाली असता सभासदांनी मोठी लिफ्ट न आणता तिचाच जीर्णोद्धार केला. रांगेत थांबू, पण उतार मोकळा राहू दे, हा त्यांचा हिशेब. तो सर्वांस मानवेल असे नाही. परंतु त्यांनी तो डोळे उघडे ठेवून केला, हे विशेष.

एवढे झाल्यावर आम्ही निवाडा दिला तो असा. डोंगर उंच, थंडी कडक, येणारे लाखांनी आणि उतार विस्तीर्ण, अशा ठिकाणी वेगवान लिफ्ट खर्चास योग्य आहे. ब्रेकेनरिजने ती आणली हे उचितच झाले. पण नातवाचा डोंगर लहान. सात मिनिटांचा चढ, तो तीन-साडेतीन मिनिटांवर येईल. आणि रविवारची रांग होती तेथेच राहील. त्या डोंगराचे दुखणे वेगाचे नसून रुंदीचे आहे. दोघांच्या जागी चौघांची खुर्ची, पकड पक्कीच, असे केले तर एका तृतीयांश ते निम्म्या खर्चात दर मिनिटाची माणसे दुप्पट होतील. बसण्याच्या जागी सरकता पट्टा घातला, म्हणजे खुर्ची पाठीमागून येताना माणूसही पट्ट्यावरून पुढे सरकत असतो व तिचा धक्का बेताचा बसतो. अशी सोय आता मिळते. पडझड व थांबणे त्याने कमी होईल. आणि उतार रविवारी मोकळा असतो ही तर नातवाचीच साक्ष आहे. तेव्हा तो दुप्पट माणसे सोसू शकेल. नातीच्या बोटांसाठी चांगले लोकरी हातमोजे घ्यावेत, आणि वारा सुटला असेल त्या दिवशी तिला नेऊ नये. त्यास लिफ्ट बदलण्याची गरज नाही.

नातवाने थोडी कुरकुर केली. "म्हणजे रांग कमी होईल, पण वर जायला सात मिनिटे लागणारच." आम्ही म्हणालो, "लागणारच. ती सात मिनिटे कमी करावयास जेवढे पैसे पडतात, तेवढ्यात तुम्ही चौघेही जाऊ शकता. कोणास घरी ठेवावयाचे ते तूच सांग." त्याने बहिणीकडे पाहिले आणि तो गप्प बसला. दुसऱ्या दिवशी पुतण्याने चालकांस त्या आशयाचे पत्र लिहिले; आकडेमोड नातवाने स्वहस्ते उतरवून दिली.

निघण्याच्या आदल्या रात्री नातीस आम्ही विचारले, "तुला कोणती लिफ्ट आवडते ग?" ती म्हणाली, "आजोबा, ब्रेकेनरिजची छान आहे, थंडी वाजत नाही. पण आपल्या डोंगरावर बाबा गोष्ट सांगतात. हातमोजे असतात ना, म्हणून त्यांना फोन बघता येत नाही. फक्त आई आणि दादा मागच्या खुर्चीवर असतात, त्यांना ती ऐकू येत नाही."

चौघांची खुर्ची आली तर तीही अडचण दूर होईल.